पुढच्या २०-२५ वर्षांत वीज-डिझेल कमी पडलं तर सोलापूर कसं चालणार? आत्तापासून काय ठरवायला पाहिजे?

जुळेसोलापूरकर_ताई

नमस्कार मंडळी. प्रश्न मोठा आहे, सवडीनं वाचा पण उत्तर द्या. मी सिव्हिल केलंय, एका छोट्या ऑफिसात ड्रॉइंगचं काम करते, त्यामुळं विकास आराखडे बघायची सवय आहे. आराखडा २० वर्षांसाठी असतो, १९६६ चा नगररचना कायदाच तसं सांगतो. त्यात रस्त्याची रुंदी असते, बाग, शाळा, भाजी मंडई सगळ्याचं आरक्षण असतं. पण हे सगळं रोज चालवायला किती वीज, किती डिझेल लागणार याचा हिशोब मला तरी कुठल्याच आराखड्यात दिसला नाही.

आणि ती वीज-डिझेल आज मिळतं तसंच मिळत राहणार हे कुणी ठरवलं? आपला देश ८५ टक्क्यांच्या वर कच्चं तेल बाहेरनं आणतो. एप्रिल २०२२ मध्ये कोळसा कमी पडला तर महाराष्ट्रात परत लोडशेडिंग सुरू झालं होतं, आठवत असेल सगळ्यांना, ऐन उन्हाळ्यात. क्युबात १९९१ ला सोव्हिएत संघ फुटल्यावर तेल यायचं एकदम कमी झालं, मग हवानात लाखो सायकली चीनमधून आणल्या आणि मोकळ्या प्लॉटवर भाजीपाला लावला, पण ते सगळं संकट अंगावर आल्यावर, लोकांचे लै हाल होऊन. मला असं वाटतं की आपण निवांत आहोत तोवरच ठरवावं.

तर सोलापूरसारख्या शहरानं, मंजे भरपूर ऊन, कमी पाणी, साधे पगार, यंत्रमाग आणि विडी, असल्या शहरानं पुढच्या २०-२५ वर्षांसाठी नेमकं काय ठरवावं? फक्त सोलर बसवा असं लिहू नका प्लीज, ते सगळ्यांना माहितीय. ज्या गोष्टी एकदा केल्या की ५० वर्षं बदलता येत नाहीत त्याबद्दल जास्त लिहा.

पंपवाले_काका

ताई, लै महत्त्वाचं विचारलंत. मी पाण्याच्या पंपांवर नोकरी करून रिटायर झालोय म्हणून पाण्याचंच बोलतो, पण आपल्या शहरात पाणी मंजेच वीज हे आधी डोक्यात घ्या. उजनी धरणावर किंवा भीमेकाठच्या टाकळीच्या पंपहाऊसला लाइट गेली की दुसऱ्या दिवशी पेपरात बातमी असते, पाणीपुरवठा एक दिवस पुढं ढकलला. आधीच चार-पाच दिवसांआड पाणी, त्यात अजून एक दिवस. बायामाणसं विचारतात पाणी का आलं नाही, तर धरणात पाणी असतंय ओ, लाइट नसते.

आता हिशोब बगा. हजार लिटर पाणी १०० मीटर वर चढवायला निव्वळ विज्ञानाप्रमाणं पाव युनिटच्या थोडं वर वीज लागते, पंप आणि मोटर मधी खातात ते धरलं तर ०.४ युनिट धरा. ऐकायला काहीच नाही. पण १० लाख माणूस आणि माणशी १३५ लिटर धरा, मंजे रोजचं साडेतेरा कोटी लिटर. १०० मीटरला रोज ५५ हजार युनिट! आणि हे फक्त १०० मीटरचं गणित, खरा आकडा पाइपात घासून जे जातं ते धरून काढावा लागतो.

लोक मला विचारायचे की उजनी भरली की पातळी ४९६.८३ मीटर आणि सोलापूर समुद्रसपाटीपासून साधारण ४५७ मीटर, धरण उंचावर आहे तर पंप कशाला? पाणी आपोआप यायला पाहिजे की. उत्तर असं की मधी १०० किलोमीटरच्या वर पाइप आहे, चढउतार आहेत आणि पाणी पाइपाच्या आतल्या बाजूला सगळ्या वाटेनं घासत येतंय. ते घासणं मोडून काढायला पंप. आणि इथंच तुमच्या ५० वर्षांच्या प्रश्नाचं उत्तर आहे. तेवढंच पाणी दुप्पट व्यासाच्या पाइपातनं आणलं तर घर्षण साधारण ३० पटीनं कमी होतं. दुप्पट कोण घालणार, पण व्यास नुसता पाव पटीनं वाढवला तरी घर्षण तिसऱ्या हिश्श्यावर येतं. जाड पाइपाचा खर्च एकदाच, बारीक पाइपाचा खर्च दर महिन्याच्या वीजबिलात, पाइप जमिनीत असेपर्यंत. टेंडर काढताना मात्र आज कितीला पडतो एवढंच बघतात. ही एक गोष्ट जरी आराखड्यात आली ना, की कुठलीही पाइपलाइन घेताना ३० वर्षांची वीज धरूनच किंमत काढायची, तरी मी समाधानी.

दुसरं, दुष्काळाचं. धरण मायनसमध्ये गेलं, मंजे ४९१.०३ च्या खाली, की दुबार पंपिंग करावं लागतं, मंजे तेच पाणी दोन टप्प्यांत उचलायचं, अजून खाली गेलं की तिबार. मंजे ज्या वर्षी पाणी नाही त्याच वर्षी वीज जास्त लागते. वीज पण कमी असलेलं वर्ष निघालं तर काय करणार? त्याच्यासाठी जवळचं पाणी जिवंत ठेवणं हा एकच मार्ग मला दिसतो. हिप्परग्याचा एकरुख तलाव १८७१ चा आहे, शहराच्या उशाशी. त्यातला गाळ काढणं, त्यात येणारे ओढे मोकळे ठेवणं, त्याच्या वरच्या अंगाला प्लॉटिंग होऊ न देणं, हे पण एनर्जीचंच काम आहे. तसंच गल्लोगल्ली आड-बारव आहेत, कचऱ्यानं बुजलेल्या. वापरायच्या पाण्यापुरत्या तरी चालू करा.

तिसरं गळती. इथं आल्यावर गटारीत गळणारं पाणी नुसतं पाणी नसतं, १०० किलोमीटर पंप करून आणलेलं पाणी असतं.

टॉवेल_चादर

काकांचं पटलं. पण ताई, तुमच्या प्रश्नाला माझा थोडा विरोध आहे, राग मानू नका. आमचे माग आहेत, वडिलांपासून. कमी एनर्जी हा शब्द ऐकला की धंदेवाल्याला भीती वाटते. एका मागाला साधारण १ एचपीची मोटर, मंजे तासाला पाऊण युनिट, आणि सुताचा भाव, विजेचा दर, कामगाराची मजुरी यातलं आमच्या हातात काहीच नाही. त्यात सोलापूरचा माणूस वीज वापरतोच किती? एसी मुंबई-पुण्यात चालतात. आमच्या कामगाराच्या घरी दोन बल्ब, एक फॅन, एक टीव्ही. त्याला अजून कमी कर म्हणायचं का? आणि शेजारी फताटेवाडीला १३२० मेगावॅटचा एनटीपीसीचा प्रकल्प आहे, वर्षातले आठ-नऊ महिने ऊन आहे. मला तर वाटतं इथं वीज कमी पडायचं कारणच नाही, ती आमच्यापर्यंत स्वस्तात कशी येईल ते बघा.

आता सोलरचं खरं सांगतो कारण मी चौकशी केलीय. १ किलोवॅटला दिवसाला ४ युनिट धरा आणि छतावर साधारण १०० चौरस फूट जागा. आमच्या शेडवर पत्रे आहेत, जुने, त्यावर पॅनेलचं वजन टाकायचं मंजे आधी कैच्या, पत्र्याखालचा सांगाडा, बदला, मंजे सोलरएवढाच खर्च परत. आणि ते दिवसा. रात्रपाळीला काय? म्हणून मी दिवसा जास्त माग आणि रात्री कमी असं करून बघतोय, दिवसा वीज स्वस्त देणारे दर आलेत त्याचा पण उपयोग होतो. पण कामगार उन्हाळ्यात दुपारी पत्र्याखाली उभा राहू शकत नाही, त्याला रात्रपाळीच बरी वाटते. हे गणित ऑफिसात बसून सुटत नाही, कारखान्यात दुपारी तीनला येऊन उभं राहा मग कळेल. पत्रा तापला की मागाजवळ घामानं सूत ओलं होतं.

एक गोष्ट मात्र तुमच्या बाजूची सांगतो. आमच्याकडं पूर्व भागात खाली माग आणि वर घर असं चालत आलंय. बाई कांडी भरून वर जाऊन भाकरी टाकून येते. पोरगं शाळेतनं आलं की बापाच्या डोळ्यापुढं. कामाला जायला पेट्रोल शून्य. आराखड्यात झोन पाडले की म्हणतात माग एमआयडीसीत न्या, वस्तीत नको. आवाज होतो, बरोबर आहे, शेजाऱ्याला त्रास होतो, आवाज कमी करायचे उपाय करा की. पण घर आणि काम तोडलं की दोनशे कामगार रोज अक्कलकोट रोडला गाडीवर जाणार, ते पेट्रोल कुणी मोजलंय का? जुनी गिरणी १८७७ ला सुरू झाली तेव्हा भोंगा ऐकून माणसं चालत कामाला जायची एवढ्या अंतरावर वस्ती होती.

कुंभारी_विडी_घरकुल

वरच्या दादांनी म्हटलं की गरीब आधीच कमी वापरतो, ते शंभर टक्के खरं, पण त्याचा अर्थ काही करायची गरज नाही असा होत नाही. मी आमच्या घरचं सांगते.

आई विड्या वळते. सूप मांडीवर, त्यात तंबाखू, शेजारी ओल्या फडक्यात गुंडाळलेली पानं. फॅन लावला की तंबाखू उडते आणि पान वाळून वळताना फाटतं. फाटलेलं पान मजुरीतनं जातं. म्हणून मे महिन्यात ४३ डिग्रीत आई फॅन बंद करून बसते, वर स्लॅब. तो स्लॅब दिवसभर तापतो आणि रात्री बारापर्यंत खाली उष्णता सोडतो. आता सांगा तिला वीज स्वस्त करून काय उपयोग? तिला थंड छत पाहिजे.

आमचे पाहुणे सिरसिल्ल्याला आहेत, त्यांच्याकडून कळलं की तेलंगणा सरकारनं २०२३ ला कूल रूफचं धोरण काढलं, छत पांढरं किंवा उष्णता परत फेकणारं करायचं, ठराविक मोठ्या इमारतींना तर सक्तीच. अहमदाबादनं २०१३ ला उष्णतेचा कृती आराखडा केला, देशात पहिला, नंतर तिथंही झोपडपट्टीत छतं पांढरी केली. आम्ही गेल्या वर्षी चुन्यात फेविकॉल मिसळून दोन हात मारले. घरात फरक लगेच कळतो, दुपारी स्लॅबला खालनं हात लावला तर आधी चटका बसायचा तसा बसत नाही. पावसाळ्यात थोडा धुऊन जातो, परत मारायला लागतो. कुंभारीत रे नगरला ३० हजार घरांची वसाहत, त्यातल्या पहिल्या १५ हजारांच्या चाव्या जानेवारी २०२४ ला दिल्या. एवढी घरं एकाच वेळी बांधताना पहिल्याच दिवशी छत पांढरं करायचा नियम असला तर किती फॅन-कूलर वाचतील ते तुम्ही सिव्हिलवाल्यांनी काढा.

दुसरं, आमची वसाहत शहराबाहेर आहे कारण जमीन तिथं स्वस्त मिळाली. घर मिळालं, मनापासून आनंद आहे, आई आयुष्यभर भाड्याच्या खोलीत राहिली होती. पण कॉलेज, सिव्हिल हॉस्पिटल, बाजार सगळं शहरात. बस वेळेवर नसेल तर टमटम, नाहीतर घरटी एक टू-व्हीलर, हप्त्यावर. घर स्वस्त आणि येणं-जाणं महाग. पुढची वसाहत कुठं करायची ते जमिनीच्या भावावर ठरवू नका, तिथं बस दर १५ मिनिटाला जाऊ शकते का त्याच्यावर ठरवा.

माळवद_आणि_भिंत

मी आर्किटेक्ट आहे, ताईंच्या ५० वर्षांच्या मुद्द्यावर थोडं. वरच्या ताईंचं छतावरचं वाचून मला आजोळचं घर आठवलं, माळवदाचं. दोन-दोन फुटांच्या दगडमातीच्या भिंती, लाकडी तुळया, वर फळ्या आणि त्यावर हातभर पांढरी माती. दुपारी दोनला आत गेलं की डोळ्याला अंधारी यायची आणि अंगाला गार वाटायचं, फॅन नव्हताच. दरवर्षी पावसाआधी वर माती टाकायला लागायची, आज तेवढी मेहनत कोण करणार, लाकूड परवडत नाही, जिना-संडास वरच्या मजल्याला लागतोच. तेव्हा परत माळवद बांधा असं मी म्हणत नाही. पण त्या घरानं उन्हाला आत येऊच दिलं नाही, आणि आपण आज सहा इंची भिंत, वर उघडा स्लॅब आणि पश्चिमेला मोठी काच लावून आत आलेलं ऊन विजेनं बाहेर काढत बसतो.

नियम नाहीत असं नाही. २०१८ ला केंद्रानं घरांसाठी इको निवास संहिता आणली, भिंती-खिडक्यांमधून चौरस मीटरला सरासरी १५ वॅटपेक्षा जास्त उष्णता आत येऊ नये अशी मर्यादा त्यात आहे. छत, उजेड, हवा खेळती राहणं, सगळं आहे. बांधकाम परवानगी देताना पार्किंग मोजतात तशी ही मर्यादा मोजली की झालं. माझ्याकडं येणारा गिऱ्हाईक पश्चिमेला छज्जा मोठा करा म्हटलं की खर्च विचारतो, आणि दोन वर्षांनी तिथंच एसी लावतो. आज टाकलेला स्लॅब २०७५ ला पण तापणार आहे.

आणि शहराच्या पसाऱ्याबद्दल. १९९२ ला हद्दवाढ झाली आणि साधारण ३३ चौरस किलोमीटरचं शहर एकदम १७८ वर गेलं. त्या एका निर्णयानं आपली पाइपलाइन, ड्रेनेज, दिवाबत्ती, कचऱ्याच्या गाड्या, सगळ्यांचं अंतर वाढवून ठेवलं. मधी मधी मोकळे प्लॉट तसेच, काटेरी बाभळी, आणि त्याच्या पलीकडं नवीन सोसायटी. गावठाणात मात्र सिद्धेश्वर यात्रेत तैलाभिषेकाच्या दिवशी नंदीध्वज खांद्यावर घेऊन ६८ लिंगांची प्रदक्षिणा चालत होते, एवढं ते शहर माणसाच्या पायांच्या मापाचं आहे. म्हणून माझी सूचना सरळ आहे, पुढची २० वर्षं हद्द वाढवू नका. आतले मोकळे प्लॉट आधी भरा, चार मजली, लिफ्टशिवाय चालेल अशी घरं, खाली दुकान-कारखाना. टॉवेल_चादर दादा म्हणतात ते खाली काम वर घर हे आराखड्यात अधिकृत करा, आवाजाची मर्यादा घालून.

टॉवेल_चादर

आवाजाची मर्यादा मान्य. आणि घरकुलच्या ताईंचं वाचून माझ्या शेडचे पत्रे पण पांढरे करून घेतो म्हणतो, दुपारपाळीला माणूस टिकला तर माझं सोलर जमेल. हे दोन वेगळे विषय आहेत असं वाटत होतं मला.

जुळेसोलापूरकर_ताई

सगळ्यांचे मनापासून आभार, एवढं नेमकं कुणी लिहील असं वाटलं नव्हतं. टॉवेल_चादर दादा, तुमचा विरोध बरोबर आहे. मला कामगाराचा फॅन बंद करायचा नाही. माझ्या मते उलट, तेवढीच सोय कमी विजेत मिळाली तर वीज महागली तरी त्याचा फॅन चालू राहील. ७५ वॅटच्या फॅनच्या जागी ३० वॅटचा बीएलडीसी, मंजे कमी वीज खाणाऱ्या मोटरचा फॅन, आला की वारा तेवढाच. आणि फताटेवाडीची वीज शेजारी तयार होते म्हणून ती आपली असं नाही, ती ग्रीडमध्ये जाते, बाकीच्या राज्यांना पण जाते, कोळसा बाहेरच्या राज्यातनं रेल्वेनं येतो आणि पाणी उजनीचं.

त्या पाण्यावरून एक विचारायचं होतं काका. २०१६ च्या केंद्राच्या वीजदर धोरणात असं आहे की सांडपाणी प्रक्रिया केंद्रापासून ५० किलोमीटरच्या आतल्या औष्णिक प्रकल्पांनी ते शुद्ध केलेलं सांडपाणी वापरायचं. आपलं देगावचं केंद्र तर त्या अंतरात सहज बसतं. मग ते पाणी तिकडं दिलं तर तेवढं उजनीचं पाणी आणि ते आणायची वीज दोन्ही वाचेल ना? का मी काहीतरी विसरतेय?

पंपवाले_काका

वाचेल, पण दोन गोष्टी बगा. पहिली, देगाव खालच्या अंगाला आहे म्हणून सांडपाणी तिथं उताराने येतं, तिथनं फताटेवाडीला चढवायला पंप लागणारच, आणि कूलिंगला चालेल इतकं स्वच्छ करायला पण वीज लागते. तरी अंतर उजनीच्या मानानं लै कमी, म्हणून मला वाटतं फायद्यातच पडेल, पण अंदाजावर नको, आकडा काढूनच लिहा. दुसरी, ते पाणी आज ओढ्यानं खाली जातं, त्याच्यावर खालचे शेतकरी मोटारी लावून पिकं काढतात. सगळं उचललं तर त्यांचं काय याचं उत्तर आधी पाहिजे.

आणि तुम्ही सूचना लिहिणारच असाल तर एक ओळ माझी घाला. प्रत्येक पंपहाऊसला पाण्याचा मीटर आणि विजेचा मीटर दोन्ही चालू पाहिजेत, आणि हजार लिटरला किती युनिट लागलं हा आकडा दर महिन्याला बोर्डवर लावायचा, उजनी वेगळा, टाकळी वेगळा, हिप्परगा वेगळा. पंप झिजला की हा आकडा हळूहळू चढतो, मंजे इंपेलर, पंपातलं पाणी फेकणारं चाक, बदलायची वेळ आली. आम्ही कानानं ओळखायचो, पण माणूस रिटायर झाला की कान पण त्याच्याबरोबर जातात, आकडा राहतो. हेड, मंजे पाणी किती उंच चढवायचं ते, कसं काढायचं, घर्षण कसं धरायचं ते मी वहीत लिहून ठेवलंय, फोटो काढून टाकतो इथं. पाइपाची जाडी आणि लांबी तुम्ही मिळवा, गणित आपण मिळून बसवू.